खांबाला हात लावल्याशिवाय

नामदेव झाडे यांना एका माणसाने फसवलं. जिओकॅशिंगच्या ॲपवर त्याचं नाव ‘वाटाड्या’ असं होतं. खरं नाव मला अजून मिळालेलं नाही. न चढलेली टेकडी चढलो असं त्याने लिहिलं, न पाहिलेला डबा पाहिला असं लिहिलं. ते वाचून नामाभाऊ एप्रिलच्या शेवटी, आष्टीमागची ती टेकडी चढले आणि खाली आले ते चार जणांच्या हातांवर. स्मृतिलेखात पहिली ओळ गोड असावी म्हणतात. माझ्याकडे गोड ओळ नाही.

बातमी आली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. जामच्या चौरस्त्यावर माझं पाइप, ताडपत्री आणि फवारणी पंपांचं दुकान आहे. शटर अर्धं खाली ओढून मी जेवायला बसलो होतो. आमच्या ग्रुपमधल्या कुंदाताईंचा, म्हणजे वर्ध्याच्या शाळेतल्या बाईंचा, फोन आला. एरवी या बाई फोनवर आधी दोन टोमणे मारतात आणि मग कामाचं बोलतात. त्या दिवशी नुसत्या म्हणाल्या, “शेठ, आपले नामाभाऊ गेले.” मी विचारलं, “कुठं गेले?” खरंच तसं विचारलं. कारण ते नेहमी कुठंतरी गेलेलेच असत.

आमची ओळख आठ इंचांच्या पाइपावरून झाली. पाचेक वर्षांपूर्वी ते दुकानात आले. काटक, काळेसावळे, पांढऱ्या मिशा, खांद्याला जुनी कातडी पिशवी. म्हणाले, “तीन इंची पीव्हीसीचा आठ इंचाचा तुकडा द्या, दोन कॅप द्या.” मी या चौरस्त्यावर रस्त्याकडेला एक ताडपत्री पसरून धंदा सुरू केलेला माणूस. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याचं काम ओळखतो. पण आठ इंचाच्या पाइपाचं काम मला ओळखता येईना. मी म्हटलं, “आठ इंचात कोनतं पानी नेता, भाऊ?” ते म्हणाले, “पानी जाऊ नाई म्हणूनच पाहिजे. एका टोकाले सोल्युशन लावून कॅप पक्की करा, दुसरी नुसती दाबून द्या.” मी तुकडा कापून देत नाही, अख्खा पाइप घ्या म्हणून अडून बसलो. ते तासभर बाकड्यावर बसून राहिले. चहा मी पाजला, तुकडाही मीच कापला. धंद्यात मला असं बसून हरवणारा तो पहिला माणूस.

त्यांनीच मला हा खेळ समजावला. कुणीतरी रानात, टेकडीवर, ओढ्याकाठी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. बाकीच्यांनी मोबाइलच्या बाणावर चालत जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदाच्या गुंडाळीवर सही करायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन ॲपवर ‘सापडला’ म्हणून लिहायचं. बक्षीस काही नाही. मी विचारलं, “मंग भेटते काय?” ते म्हणाले, “डबा भेटते.” पुण्यातल्या मुलीने त्यांना हे शिकवलं होतं. अल्लीपूरला निवृत्त होऊन बसलेला लाइनमन, जन्मभर खांब मोजत रान तुडवलेला; बसून बसून वेडा होईल असं तिला वाटलं असावं. तिने जुना मोबाइल दिला आणि या माणसाने दोन वर्षांत जिल्हाभर माझ्या दुकानातले पाइप पेरले.

आता माझी लबाडी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकार नाही. सुरुवातीला मी चार डबे शोधले आणि मला आकड्याची चटक लागली. ॲपवर नावापुढे आकडा दिसतो. पाचवा डबा गिरडच्या बाजूला होता. मी दुकानात बसून लिहून टाकलं, ‘सापडला, छान जागा.’ आठ दिवसांनी नामाभाऊ आले आणि त्यांनी माझ्या गल्ल्यावर कागदाची गुंडाळी उलगडली. “शेठ, तुमची सई दाखवा.” मी भडकलो. गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला, म्हटलं, “खेळ हाये ना बाप्पा, कोर्ट लावून राह्यले का?” ते चिडले नाहीत. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले आणि मग त्यांनी गणपतची गोष्ट सांगितली.

नोकरीची पहिली वर्षं ते आष्टीकडे होते. गणपत त्यांचा जोडीदार. एका दुपारी गणपत खांबावर चढणार होता. खालून एकाने सांगितलं, “लाइन बंद हाये, पाहून आलो.” तो पाहून आला नव्हता. पाहायला कोसभर जावं लागत होतं आणि ऊन होतं. “मी खालीच उभा होतो,” नामाभाऊ म्हणाले. गणपत जिवंत खाली आला नाही. मग म्हणाले, “तवापासून मी खांबाले हात लावल्याशिवाय डायरीत टिक केली नाई. मानूस तोंडाचं आयकून चढते, शेठ. लिवलेलं वाचून तर अजूनच चढते.” पुढच्या रविवारी त्यांनी मला गिरडला नेलं, भर चढणीवर माझा जीव काढला आणि सही करून घेतली. मी पन्नाशीत कुणाचं ऐकलं असेल तर त्यांचं.

हळूहळू अकरा जणांचा ग्रुप झाला. रविवारी पहाटे निघायचं, कुणाच्या डब्यात सांबारवड्या, कुणाच्या डब्यात पोळी आणि ठेचा. माझी थट्टा हा सगळ्यांचा ठरलेला नाश्ता. बाण हलेना की कुंदाताई म्हणायच्या, “शेठ, तुमी जरा भाव करून पाहा, दोन मीटर कमी करते का तो.” एकदा याच आष्टीच्या टेकडीवर आम्ही दगड उचलून पाहत असताना आत्मारामबुवा नावाचा मेंढपाळ आणि खालच्या गावातली दहा-बारा माणसं काठ्या घेऊन वर आली. बुवा ओरडला, “गुप्तधन काढून राह्यले का बे? लिंबू कुठी हाये?” मी तावातावाने पुढे झालो, मारच खाल्ला असता. नामाभाऊंनी शांतपणे पाइप उघडून बुवाच्या हातावर उपडा केला. कागदाची गुंडाळी, पेन्सिल, एक काचेची गोटी आणि टिकल्यांचं पाकीट. बुवाने ते सगळं उलटसुलट पाहिलं. “एवढ्यासाठी चढले?” “एवढ्यासाठीच.” गोटी परत पाइपात टाकत बुवा म्हणाला, “बिमार हा तुमी लोक.” त्या गुंडाळीवर त्याचा अंगठा आहे. पेन्सिलने काळा केलेला.

त्या डब्याचं नाव ‘गणपतचा डबा’. टेकडीच्या ज्या कडेला तो लपवला होता, तिथून खाली तो खांब दिसतो.

गेल्या पोळ्यानंतर नामाभाऊ तो डबा पाहून आले. मग उतरत्या पावसाळ्यात टेकडीची ती कड घसरली. हिवाळ्यात दोन जणांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सापडला नाही.’ नामाभाऊंचा गुडघा धरला होता, त्यांना जाता येईना. मी म्हटलं, “भाऊ, बंद करून टाका तो डबा. वाहून गेला असंन.” ते तयार झाले होते. मला आठवतं, ते म्हणाले होते, “गनपतले एकदा इचारतो आन् करतो बंद.” आणि एप्रिलमध्ये वाटाड्याने लिहिलं, ‘डबा जागेवर आहे. कॅपला चीर गेली आहे, मालकांनी लक्ष द्यावं.’

कॅपला चीर! खोटं खरं वाटावं म्हणून लोक त्यात एक खोट घालतात. माल विकत घेताना ही युक्ती मी स्वतः शेकडो वेळा ऐकली आहे. पाइपावर नाणं वाजवून आवाज ऐकल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही. आणि ती ओळ वाचून मी... काहीसुद्धा वाजवून पाहिलं नाही.

नामाभाऊ दुकानात आले ते लहान पोरासारखे खुशीत होते. “शेठ, हाये म्हणते डबा! द्या एक नवी कॅप. येता का संगं? आष्टीले बहिनीकडे मुक्काम करू, पहाटेच चढू.” दारात माझा ट्रक उभा होता. मी म्हटलं, “मले कुठी फुरसत हाये? आन् तो जागेवर हाये म्हणते ना, दहा मिनटाचं काम. जा आन् या.” मी त्यांच्याशी बोलत होतो आणि हमालांवर ओरडत होतो. त्यांनी कॅप पिशवीत टाकली. “येजो मंग पुढच्या खेपेला,” म्हणाले. कधी नव्हे ते मला अरेतुरे केलं. तेही माझ्या नंतर लक्षात आलं.

ते पहाटे चढले. दहा मिनिटांचं काम होतं, आठ वाजेपर्यंत खाली यायला हवे होते. दुपारी आत्मारामबुवाला ते दिसले. निष्पर्ण सालईच्या बुंध्याशी टेकून बसलेले, पाण्याची बाटली रिकामी, मोबाइल मांडीवर. तिसऱ्या दिवशी बुवाला घेऊन मी ती जागा पाहायला गेलो. शोधायची नामाभाऊंची एक पद्धत होती. दगड उचलायचा, खाली पाहायचं, जागच्या जागी ठेवायचा आणि त्यावर एक खडा ठेवायचा, म्हणजे हा पाहून झाला. त्या कडेवर सगळीकडे दगडांवर खडे होते. आधी डब्याच्या जागेभोवती, मग त्याच्या बाहेर, मग आणखी बाहेर. मी मोजायला लागलो आणि शंभराच्या पुढे सोडून दिलं. डबा नसेल, अशी शंका त्यांना शेवटच्या खड्यापर्यंत आली नसावी. कुणीतरी लिहिलं होतं ना, आहे म्हणून.

बुवा माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, “मी खालून आवाज देल्ला होता त्याइले. ‘ऊन झालं, उतरा.’ तं म्हणे, ‘हाये इथंच, भेटतेच आता.’”

पाइप बुवालाच सापडला, चार दिवसांनी, खालच्या नाल्यात पळसाच्या मुळांत अडकलेला. कॅपला चीर नव्हती. गुंडाळी कोरडी होती. शेवटची ओळ नामाभाऊंची: ‘पोळ्यानंतर. डबा ठीक. हात लावून पाहिला. ना. झाडे.’ त्याखाली कागद कोरा आहे.

नामाभाऊ गेले त्या संध्याकाळी मोबाइलवरच्या ग्रुपवर, ज्यात आम्हा अकरा जणांखेरीज कधी सोबत न आलेली माणसंही होती, सगळ्यांनी श्रद्धांजली लिहिली. वाटाड्यानेही हात जोडल्याचं चित्र टाकलं. तिसऱ्या दिवशी ॲपवरची त्याची ती ओळ नाहीशी झाली आणि तो ग्रुपमधूनही बाहेर पडला. मी ओळीचा फोटो आधीच काढून ठेवला होता. एवढी धंद्याची अक्कल अजून शिल्लक आहे. त्याला कुणी आणलं होतं, विचारलं. कुणालाच आठवत नाही. त्याचा नंबर बंद आहे. एकाने लिहिलं, ‘शेठ, शेवटी खेळ आहे, कुणाला फासावर द्यायचं?’ मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही. कुंदाताईंनी फोन करून समजावलं, “बोलून भाऊ परत येनार हायेत का?” नाहीत. ते मलाही कळतं. आता रविवारी कुणी निघत नाही. ग्रुप आहे, सणावारी शुभेच्छा येतात, बस.

मी अल्लीपूरला गेलो तेव्हा शोभावहिनींनी, म्हणजे नामाभाऊंच्या पत्नींनी, कातडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत नवी कॅप तशीच होती, माझ्या दुकानाच्या कागदात. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊजी, गनपतभाऊच्या येळेस खोटं सांगनारा मानूस यायनं जलमभर पाहिला, रोज ड्यूटीवर सोबत होता. आपन होऊन कधी कबूल नाई झाला. तेवढंच यायले लागून राह्यलं होतं. आता मले त हाही मानूस मालूम नाई. कोन होता, एवढं इचारून सांगा.”

मी अजून सांगू शकलेलो नाही. अल्लीपूरच्या वाटेला जायचं मी टाळतो.

गेल्या आठवड्यात मी ती नवी कॅप पाइपाला लावली, टेकडी चढलो आणि बाण म्हणतो त्याच जागी पाइप ठेवला. दगडांवरचे खडे तसेच आहेत, एकही हलवला नाही. तिथून खांब दिसतो. बसवलं नाही फार वेळ.

वाटाड्या, किंवा तुमचं जे काय नाव असेल ते, तुम्ही ही पुरवणी वाचता की नाही मला माहीत नाही. तुम्ही येणार नाही, हेही जवळजवळ माहीत आहे. तरी जागा तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ती पाहिल्याचं लिहिलं होतं. डबा आता खरोखर तिथे आहे, मी हात लावून सांगतो. पाणी जास्त घ्या. वर चढा, दगडांवरचे खडे पाहा, आणि नामाभाऊंच्या ओळीखाली जो कागद कोरा आहे, त्यावर आईबापांनी ठेवलेल्या नावाने सही करा. मग खाली उतरून अल्लीपूरला जा. तिथे एक बाई विचारते आहे, कोण होता तो माणूस. तिला उत्तर द्या.