कासवाचा फोटो नाही

लक्षद्वीपच्या त्या बेटावर आम्हाला फक्त पाच तास मिळणार होते, आणि त्या पाच तासांत लहान मुलांसाठी सात कार्यक्रम होते. तसा छापील कागदच आदल्या दिवशी जहाजावरच्या आमच्या खोलीत आला होता. वाळूचे किल्ले, काचेच्या तळाची बोट, वल्ह्यांची छोटी होडी, नारळाच्या झावळीची खेळणी, आणखी काय काय. ज्यानं अंबरनाथच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज म्हणून उभं आयुष्य काढलं, त्याच्या हातात असा कागद पडला की तो गप्प बसत नाही. मी डायरी काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि तीन रकाने केले: वेळ, काम, जबाबदारी. जबाबदारीच्या रकान्यात सगळीकडं माझंच नाव.

नात ते बघून म्हणाली, "आजोबा, चिल. पिकनिक आहे, प्रॉडक्शन नाही."

ती नऊ वर्षांची. मुलाला आणि सुनेला सुट्टी मिळेना, तिकिटं तर आधीच काढलेली, म्हणून बदलापूरच्या फ्लॅटमधून आम्ही तिघंच निघालो होतो: मी, माझी बायको आणि ही. निघताना सुनेनं मला चार वेळा बजावलं, "बाबा, पाण्यात तिच्याकडं लक्ष ठेवा." मी चारही वेळा मान डोलावली. ते बजावणं किती गरजेचं होतं ते तिला ठाऊक नव्हतं.

कारण चार वर्षांपूर्वी मी पाण्यात या पोरीचा हात सोडला होता.

आम्ही उल्हास नदीच्या काठची माणसं. आमची शेती होती, माझे आजोबा खाडीकडं मिठागरावर जायचे. आमच्याकडं पोहायला शिकवायचे नाहीत, पाठीला सुका भोपळा बांधून पाण्यात लोटून द्यायचे. मी असाच शिकलो आणि त्याचा मला भारी तोरा. नात पाच वर्षांची झाली तशी एकदा तिला एकटीलाच गावाकडं घेऊन गेलो, नदी दाखवायला. कमरेएवढ्या पाण्यात मी उभा, माझ्या हाताला धरून ती नाचतेय, खिदळतेय. मला वाटलं, याचा व्हिडिओ पाहिजे. शर्टाच्या खिशातून फोन काढला. एका हातानं काही ते जमेना, म्हणून दुसरा हात सोडला. क्षणभरच. तिच्या पायाखालचा शेवाळलेला दगड सरकला आणि ती दिसेनाशी झाली.

तीन-चार सेकंद गेले असतील. मी तिला दंडाला धरून वर काढलं. ती खोकली, रडली, नाकातून पाणी आलं, बस. पण तिला वर काढलं ते मी एकाच हातानं. दुसऱ्या हातात फोन होता आणि तो मी सोडला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं, कारण ती खोकता खोकता त्या हाताकडंच बघत होती.

घरी आल्यावर तिच्या आईनं विचारलं, केस कसे भिजले? नात म्हणाली, "मी मस्ती करत होते, पडले." मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही. कारखान्यात कामगाराची चूक झाली तर मी दहा माणसांसमोर विचारायचो, आणि स्वतःची झाली तेव्हा पाच वर्षांच्या पोरीच्या पदराआड लपलो.

त्यानंतर तिचं माझ्याशी वागणं बदललं असं नाही. रस्ता ओलांडताना माझाच हात धरते, स्कूटरवर मागं बसून माझ्या पाठीवर गणितं सोडवते. फक्त पाण्यात नाही. आमच्या सोसायटीच्या तलावात ती सरांकडं पोहायला शिकली, छान शिकली. पण तलावाच्या काठावरून मी हात पुढं केला की ती बाजूच्या शिडीनं वर यायची. एकदा नाही, दर वेळी. मी हात तसाच वळवून डोकं खाजवायचो.

म्हणून या सहलीतून मला एकच गोष्ट हवी होती. तिनं पाण्यात माझा हात धरावा. कागदावर सातवा कार्यक्रम होता, उथळ पाण्यातून चालत जाऊन कासव बघायचं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दहा वर्षांखालच्या मुलाचा हात मोठ्या माणसानं धरायचा. त्या ओळीखाली मी पट्टीनं दोन रेघा मारल्या.

तयारीही केली होती. उल्हासनगरच्या बाजारात गेलो आणि मोबाईलची पाणी न शिरणारी पिशवी घेतली, गळ्यात अडकवायची. दुकानदार सिंधी, बोलण्यात पटाईत. त्यानं पिशवीत कागदाचा रुमाल घातला, पिशवी बादलीत बुडवली, वर स्टीलचा ग्लास ठेवला आणि मला चहा पाजला. "साईं, चाय खतम करो, फिर देखो." चहा झाला, रुमाल कोरडा ठणठणीत. मी खूश. आता कासव, नात आणि मी, सगळं एका व्हिडिओत येणार. त्या दुकानात उभं राहून, हातात ती पिशवी धरून, माझ्या डोक्यात उजेड कसा पडला नाही याचं आजही नवल वाटतं. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

बेटापाशी जहाज लांबच थांबतं. तिथून लहान बोटीनं न्यायचं. बोटीत उतरताना तिथल्या दोघा तगड्या माणसांनी माझ्या बायकोला अलगद उचलूनच ठेवलं. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. ती जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून आली होती आणि त्यात लाजतही होती आणि मिरवतही होती. पाण्याचा रंग पाहून ती म्हणाली, "अवो, ह्या पान्यात नीळ टाकलीय का काय?" खरोखर तसंच होतं. तळाची वाळू दिसत होती, वाळूवर आमच्या बोटीची सावली पळत होती.

किनाऱ्यावर उतरताच मी डायरी उघडली आणि दहा मिनिटांत ती मिटून पिशवीत टाकावी लागली. वाळूच्या किल्ल्यांना अर्धा तास दिला होता, तिथं पोरांनी दीड तास काढला. पुण्याकडची दोन भावंडं आणि आमची नात मिळून त्यांनी किल्ला सोडून चक्क स्टेशन बांधलं, पूल, जिना, सगळं. काचेच्या तळाच्या बोटीत ती पालथी पडून मासे बघत होती आणि वल्हवणाऱ्या काकांना प्रत्येकाचं नाव विचारत होती. झावळीची भिंगरी एका म्हाताऱ्या बाईनं शिकवली. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण भिंगरी फिरली. वल्ह्यांच्या होडीत मी बसायला निघालो तर ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही चपला सांभाळा ना. मी सरांबरोबर जाते." तिथल्या शिकवणाऱ्या माणसालाही ती सरच म्हणत होती.

मी चपला सांभाळल्या. नारळाखाली बायकोशेजारी बसलो. तिनं बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला होता. समोर निळ्या पाण्यात नारिंगी जाकीट घातलेली नात वल्ही मारत होती, गोल गोल फिरत होती आणि हसत होती. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आणि तरी रुसवाही आला होता. या वयात माणूस रुसतो हे कुणी सांगत नाही.

बायको म्हणाली, "कवापासून बगतेय, पोर पान्यात तुमच्यापासून लांब लांब का पलते?"

मी सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तोंडातून बाहेर काढलं. नदी, दगड, फोन, सगळं. ती ऐकत राहिली, हातातला लाडू तसाच. मला वाटलं आता आभाळ फाटणार. ती एवढंच म्हणाली, "मग तिला कवा बोललात का, चुकलं म्हनून?"

नव्हतो बोललो. पोरगी विसरली असेल म्हणून गप्प बसलो, आणि विसरली नाही हे दर वेळी दिसत होतं म्हणून जास्तच गप्प बसलो.

"तुमी पन ना," ती म्हणाली, आणि लाडू माझ्या हातात न देता परत डब्यात ठेवला. ही आमच्या घरातली मोठी शिक्षा.

सातव्या कार्यक्रमाची वेळ झाली तेव्हा आमच्याकडं जेमतेम तास उरला होता. दाढीवाला गाइड गुडघाभर पाण्यात उभा राहून हिंदीत ओरडत होता, "दस साल से छोटा बच्चा, बड़े का हाथ पकड़ेगा. हाथ छोड़ा तो वापस." नात बाह्या सरसावून पुढं. त्यानं विचारलं, "किसके साथ?" तिनं आजीकडं पाहिलं. आजीनं आपल्या गुडघ्यांकडं बोट दाखवलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी पाण्यात उतरलो, हात पुढं केला. ती आली नाही. बाकीची मुलं आपापल्या आईबापांना धरून निघाली. पुण्याची भावंडं हाका मारत होती. ती मधेच उभी, आणि डोळे माझ्या हातावर नव्हतेच. छातीवर होते. तिथं ती उल्हासनगरची पिशवी लोंबत होती, आत फोन, व्हिडिओ चालू.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "आधी तो आजीकडं द्या."

मला कानफटीत बसल्यासारखं झालं. मी पिशवी गळ्यातून काढली, किनाऱ्यावर जाऊन बायकोच्या हातात दिली आणि परत आलो. परत हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. तिनं माझं मनगट पकडलं, दोन्ही बाजूंनी घट्ट.

"तुम्ही नका धरू. मी धरते."

तिची बोटं माझ्या मनगटाभोवती पुरी बसतही नव्हती. आम्ही निघालो. पाणी कोमट होतं. वाळू मऊ, मधे मधे समुद्री गवताचे पट्टे, कासवं ते चरायला येतात म्हणे. दहाबारा पावलं गेल्यावर मी म्हटलं, "त्या दिवशी नदीत माझं चुकलं, बाळा. मी आधी फोन टाकायला हवा होता."

ती पाण्यात बघत चालत होती. "हो," म्हणाली. सारवासारव केली नाही, आणि ते मला आवडलं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मम्मीला का सांगितलं नाहीस?"

"मग तिनं मला तुमच्याबरोबर कुठंच पाठवलं नसतं ना." हे तिनं अगदी सहज सांगितलं, गृहपाठाचं उत्तर सांगावं तसं. "आता बोलू नका. कासव पळेल."

मला बोलायचंही नव्हतं. चार वर्षं मी समजत होतो की तिनं मला दूर ठेवलंय, आणि ही पोर मला गमवायचं नाही म्हणून तोंडाला कुलूप लावून बसली होती.

कासव दिसलं. आधी मला तो खडकच वाटला. मग खडकानं मान वर केली, आमच्याकडं एक नजर टाकली आणि परत गवत खायला लागला. पाठीवर उन्हाची जाळी हलत होती. नातीनं गाइडनं दिलेली श्वासाची नळी तोंडात धरून डोकं पाण्यात घातलं. एका हातानं पाण्याखाली ती मला सारखं खुणावत होती, बघा, बघा. दुसरा हात माझ्या मनगटावर होता.

परतताना माझ्या पायाखालची वाळू खचली. समुद्राचा तळ मला काय माहीत, मी नदीचा माणूस. एकदम हनुवटीपर्यंत पाणी, तोंडात खारट घोट. मला पोहता येतं, दोन हात मारले असते तर वर आलो असतो. पण मनगटाला जोराचा हिसका बसला. जाकिटावर तरंगत ती मला ओढत होती, लालबुंद होऊन.

"घाबरू नका आजोबा. मी सोडणार नाही."

मी हात मारले नाहीत. तिनं ओढलं तसा गेलो, पाय लागेपर्यंत.

किनाऱ्यावर बायकोनं डबा उघडून पुढं केला. लाडू मिळाला. मनगटावर चार बोटांचे वळ उठले होते. बायकोनं ते पाहिले आणि माझी बाही खाली ओढली, थंडी वाजेल म्हणून.

बदलापूरला पोचलो त्या संध्याकाळी सून फोन घेऊन सोफ्यावर बसली. कासवाचे फोटो बघायचे होते. फोनमध्ये बायकोनं पिशवीवरूनच बटणं दाबून काढलेले पुष्कळ फोटो निघाले: तिचा अंगठा, नारळाचा बुंधा, परत अंगठा. "बाबा, एवढी पिशवी घेतलीत आणि कासवाचा एकही फोटो नाही?"

मी मुलाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. नदीचं सांगायलाच हवं होतं, आणि त्याच संध्याकाळी मी ते सांगितलंही. पण तोंड उघडण्याआधी जमिनीवर भिंगरी फिरवत बसलेली नात मान वर न करता म्हणाली, "कसा काढणार, मम्मी? आजोबांचा हात बिझी होता."