सोळा ओळींचा निरोप: येरवडा, कसबा पेठ, लोहगाव

लोक हिमालयात जाऊन येतात आणि ब्लॉग लिहितात. माझा प्रवास येरवड्याहून कसबा पेठ, परत येरवडा आणि तिथून लोहगावचा विमानतळ, एवढाच. दीड दिवसाचा. पण परवापासून मी जो तरंगतोय, तो अजून खाली उतरलेलो नाही. म्हणून तरंगतानाच लिहून टाकतो.

आमच्या मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, न्यूझीलंडहून चार जण सेवेसाठी आले होते. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त अशा कुठल्याशा गावातल्या चर्चनं पाठवलेले. मार्गरेटबाई आणि त्यांचे यजमान डग्लस, दोघं माझ्याच वयाचे; सोबत नोआ आणि एमा ही कॉलेजातली पोरं. दोन आठवडे त्यांनी बालवाडीच्या भिंती रंगवल्या, मुलांचं शिबिर घेतलं आणि आमच्या तीन खोल्यांत आमच्यासकट मावले. मी निवृत्त मराठीचा मास्तर. मालती, म्हणजे आमची सौभाग्यवती, हिला इंग्रजी येत नाही आणि मार्गरेटबाईंना मराठी. तरी दोघी सकाळपासून स्वयंपाकघरात बोलत असत. काय बोलत, ते देव जाणे.

निघायचा दिवस जवळ आला तसं मी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून टाकलं, निरोपाला मी कविता म्हणणार. हल्ली निरोपाला व्हिडिओ करतात. आमच्या वेळी साहेब बदलून चालले की मास्तर कविता करत आणि वर्ग ती चालीवर म्हणे. शिवाय आमच्या वयात ‘पुन्हा भेटू’ म्हणताना जीभ अडखळते. कवितेत ते बेधडक म्हणता येतं. सोळा ओळी केल्या. सुरुवात अशी:

दूरदेशिचे आले पक्षी,
अंगण झाले सुंदर नक्षी!

मालतीला ऐकवली. ती गवार मोडत होती. म्हणाली, “अंगण? अहो, आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो.”

पहिला दिवस कसबा पेठेचा. पाहुण्यांना तांब्याची भांडी घ्यायची होती. येरवड्याहून मेट्रो पकडा, सिव्हिल कोर्टला बदला आणि कसबा पेठेला उतरा. पाच-पंचवीस रुपयांत काम होतं. रिक्षाच्या फंदात पडू नका, त्या गल्ल्यांत रिक्षा शिरली की तिथंच मुक्काम करते. नंतर सगळं पायीच. सिव्हिल कोर्टचं जमिनीखालचं स्टेशन बघून डग्लससाहेब हरखले. मीही हरखलो, पण रोजचं असल्यासारखा चेहरा ठेवला.

तांबट आळीत शिरलात की आधी कान शिरतात, मग तुम्ही. ठक-ठक, ठक-ठक, आठ-आठ मात्रांत! माझ्या अंगावर काटाच आला. हीच जागा, म्हटलं, कवितेला ठेका आयता. मी दुकानापुढं उभा राहून पहिली ओळ सोडली. एमानं कानामागं हात धरला. मी आवाज चढवला, तर आणखी दोन हातोडे सुरू झाले. एका हंड्यावर ठोके पाडत मठारकाम करणारे कारागीर मान वर न करता म्हणाले, “आजोबा, उद्या या. उद्या सुट्टी आहे.”

कविता खिशात गेली. मार्गरेटबाईंनी घाटदार तांब्या घेतला, डग्लससाहेबांनी घंटा. भाव करायला हरकत नाही, पण मान हलवून करा, बोललेलं ऐकू जात नाही. नंतर जवळच मिसळ खाल्ली. परदेशी पाहुणे असतील तर तर्री वेगळी मागा. नोआनं मागू दिली नाही, आणि मग त्याच्या हातातून ताकाची वाटी कुणीही सोडवू शकलं नाही. तिथं पुन्हा कविता काढणार होतो, पण ज्याच्या डोळ्यांतून आधीच पाणी वाहतंय त्याला निरोपाचं काय ऐकवायचं?

दुसरा दिवस निघायचा. विमान दुपारचं होतं, आधी दिल्ली आणि मग पुढं. येरवड्याहून लोहगाव म्हणजे हाकेचं अंतर, पण आमच्यात एक रीत आहे: माणूस प्रवासाला निघाला की प्रार्थना केल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. पाळकसाहेबांनी खाली गाडीपाशी केली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या शांताबाईंनी आत बोलावलं, त्यांना वेगळी करायची होती. मग समोरच्या इमारतीतून हाक आली. प्रत्येक घरी प्रार्थना आणि प्रार्थनेनंतर केक. पाहुण्यांना शब्द कळत नसत, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. डोळे मिटून बोलणारा माणूस श्वासाला थांबला की चौघांनी मिळून ‘आमेन’ म्हणायचं. त्यामुळं बोलणाऱ्याला चेव यायचा आणि प्रार्थना लांबायची.

गाडी शेजारच्या रफीकभाईंची. तीन पिढ्यांचे पुणेकर. ते घड्याळ दाखवत म्हणाले, “मास्तर, देव ऐकून घेतो, विमानवाले नाही घेत.”

निघालो एकदाचे. सोबत मालतीही. गाडीत कविता म्हणावी, तर पोरांनी शिबिरातली गाणी लावून धरली आणि रफीकभाई स्टिअरिंगवर ताल धरू लागले. मी हसत होतो आणि सारखं घड्याळ बघत होतो. विमानतळ दिसू लागला होता आणि सोळाच्या सोळा ओळी अजून खिशात.

तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, तेव्हा सगळा निरोप दारातच उरकावा लागतो हे ध्यानात ठेवा. ट्रॉल्या लागल्या. दारावरचा जवान पासपोर्टसाठी हात पुढं करून उभा. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मध्ये जाऊन उभा राहिलो आणि शाळेत शिकलो तसे हात जोडले, डोळे मिटले. त्याशिवाय मला कविता आठवत नाही.

“दूरदेशिचे आले पक्षी...”

“आमेन,” चौघं म्हणाले.

मी एक डोळा उघडला. चारही माना खाली. थांबणार तरी कसा? दुसरी ओळ म्हटली, पुन्हा आमेन. तिसरी, आमेन. चौथ्या ओळीला रफीकभाईंचाही आवाज मिसळला. मागून आलेलं एक कुटुंब ट्रॉलीसकट थबकलं. जवानानं हात मागं घेतला आणि तो सरळ उभा राहिला. आयुष्यभर वर्गात कविता म्हटल्या, ओळीओळीला अशी दाद कधी मिळाली नाही! शेवटाला मी पोचलो:

जा पक्ष्यांनो, जा आनंदे,
परतुनि यावे याच सुगंधे!

या ओळीला सगळ्यांत मोठं आमेन मालतीचं आलं. मार्गरेटबाईंचा हात तिच्या हातात होता आणि तो तिनं जवानानं पुन्हा हात पुढं करेपर्यंत सोडला नाही.

घरी आलो. हॉलमधल्या गाद्या अजून तशाच पसरल्या आहेत, उचलू म्हणतो आणि राहून जातं. बालवाडीच्या भिंतीवर नोआनं काढलेली मेंढी बऱ्यापैकी डुकरासारखी दिसते, पण पोरं रोज तिला हात लावून आत जातात. तुमच्याकडे कुणी असे पाहुणे येणार असतील तर येऊ द्या. जागा होते.

संध्याकाळी मी मालतीला छेडलं. म्हटलं, अगं, त्यांना नव्हतं कळत, पण तुला तर ही कविता चांगली पाठ झाली होती, मग तू आमेन कशाला म्हणालीस?

ती गादीच्या कडेला बसून चादरीची घडी घालत होती.

“ठाऊक आहे कविता होती ते,” ती म्हणाली. “पण नुसत्या तुमच्या कवितेच्या भरवशावर मार्गरेट परत येईल होय? वर कुणाला तरी कळवून ठेवायला नको?”