दहा पावलं पुढे

“प्रणालीचा तुम्हाला फोन आला का?” सहलीबरोबर गेलेल्या मॅडम फोनवर एवढंच बोलल्या आणि मी काय ते समजले. कारण पोरगी त्यांच्याजवळ असती तर त्यांनी मला कशाला विचारलं असतं. मी इथे ओमानात रुस्ताकला, किचनमध्ये, धाकटी कडेवर, आणि माझी चौदा वर्षांची लेक तिकडे युरोपात, ज्या शहराचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही तिथे, एकटी. मॅडम बोलल्या, तास झाला, फोन बंद लागतो, पोलिसांना सांगितलंय, तुम्ही घाबरू नका. मी फोन ठेवला आणि धाकटीला खाली ठेवायचंच विसरले, तशीच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

माझी शाळा नववीपर्यंत, लिहायची सवय नाही, मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या. प्रणाली तिकडे गेली कशी, तर माझ्यामुळेच. माझं माहेर अलिबागकडचं. आमच्या शेजारी साराबाय म्हणून म्हातारी राहायची, शनवारतेल्यांची. ज्यू लोक ते, पण बोलणं आमच्यासारखंच. पूर्वी त्यांचा तेलाचा घाणा होता आणि शनवारी घाणा बंद, म्हणून शनवारतेली. शनवारी साराबाय चूल पेटवायची नाही, बत्तीलाही हात लावायची नाही. मला कधी ‘लाव’ म्हणून सांगायची पण नाही, नुसती काळोखात बसून राहायची. मी आपली समजून आत जायचे नि बटण दाबायचे. मग बोलायची, “पोरी, तुझ्या लेकरांना माझा देव उजेड दाखवील.” ही गोष्ट प्रणालीनं तिच्या मोडक्या मराठीत माझ्याकडून समजून घेतली नि इंग्लिशमध्ये लिहिली. मस्कतच्या मुलांचा एक ग्रुप जुन्या ज्यू वस्त्या बघायला निघाला होता, त्या गोष्टीवरून त्यात तिची निवड झाली. मी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते.

हे गॅरेजमधून पळत आले, अंगावर ग्रीस तसंच. अर्बाबनं, म्हणजे मालकानं, लगेच सोडलं, जा म्हणाला, मिळेल इन्शाल्ला. हे कधी रागवत नाहीत, पण त्या दिवशी बोलले, “तुझ्या तेलणीच्या गोष्टी. भोग आता.” आणि बोलून झाल्यावर स्वतःच भिंतीला डोकं टेकून उभे राहिले. दर पाच मिनिटांनी मॅडमला फोन, दर वेळी तेच, अजून नाही. असे दोन तास गेले. माझ्या मनात काय काय आलं ते मी इथे लिहिणार नाही.

त्या दिवशी शनवार, माझा मारुतीचा उपास. दिवा लावला पण तोंडातून स्तोत्र येईना. मग मला आमच्याकडची रीत आठवली. ज्याची वेस, त्याच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. पोरगी ज्याच्या वेशीत हरवली त्यालाच सांगायला पाहिजे. मी मारुतीची माफी मागितली, पदर पसरला नि बोलले, “बा साराबायच्या देवा, मला तुझं नाव घेता येत नाही. तुझ्या अंगणात माझं लेकरू चुकलंय. तिला वाटेला लाव, साराबाय करायची तसा मी तुझा मलिदा करीन. माझ्या हातात काय नाही, आता तूच बघ.” एवढं बोलले आणि खरं सांगते, रडू थांबलं. आशा वाटली असं नाही. नुसतं ओझं खाली ठेवल्यासारखं झालं.

संध्याकाळची मगरिबची बांग संपली आणि फोन वाजला. “आई,” प्रणाली बोलली, “मी हॉटेलला आहे.”

नंतर तिनं सांगितलं ते असं. ज्यू लोकांचं जुनं कबरस्तान शनवार म्हणून बंद होतं. ग्रुपबरोबरचे सर बाहेरूनच दाखवत होते, त्यातल्या एका दगडावर सारा नाव आहे म्हणाले. माझ्यासाठी फोटो काढायला ही गेटच्या सळ्यांपाशी थांबली. फोटो काढता काढताच मोबाईल बंद पडला, मागं वळली तर ग्रुप नाही. गल्ल्या शोधत आणखीच लांब गेली, दुकानं बंद, पाऊस. एका दारात रडत उभी होती, तेव्हा काळ्या कोटातला एक म्हातारा आला. हिनं हॉटेलचं कार्ड दाखवलं, फोन मागितला. त्यानं नाही म्हणून मान हलवली. इंग्लिशमध्ये तीनच गोष्टी बोलला, शनिवार, फोन नाही, चल.

मी तिला लहानपणापासून बजावलंय, अनोळखी माणसाच्या मागं जायचं नाही. मी विचारलं, “मग गेलीस कशी?” तर बोलते, “आई, तूच सांगितलेलंस ना, साराबाय बत्तीला पण टच करायची नाही. मला कळलं, हे आजोबा खोटं नाही बोलत.” तो टॅक्सीत बसला नाही, बसमध्ये चढला नाही. नदीचा पूल ओलांडून सगळी वाट चालत. दहा पावलं पुढे चालायचा, मागं वळून बघायचा, ही थांबली की थांबायचा. जवळ एकदाही आला नाही. हॉटेलच्या दारात हिला मॅडमनी मिठी मारली, आणि ही वळली तर तो रस्त्याच्या पलीकडून परत निघाला होता.

ते दोन तास फोन वाजत नव्हता, आणि मी समजत होते की सगळं संपलं. त्याच वेळी कुणीतरी माझ्या पोरीच्या पुढे दहा पावलं चालत होतं. शनवार तर मला माहीत होता हो. बत्ती तर मीच लावायचे. तरी शनवारी त्यांच्यातलं कुणी फोनला हात लावणार नाही हे मला आठवलं नाही, पोरीला आठवलं.

मलिदा केला. इथल्या सूकमधून, बाजारातून, पोहे आणले, गूळ, खोबरं, वेलची, घरमालकाच्या बागेतला खजूर. मंत्र येत नव्हते, नुसते हात जोडले. ह्यांनी पहिला घास घेतला नि हळूच बोलले, “तुझ्या तेलणीचं खरं झालं गं.”

आता धाकटी शाळेत जायला लागलीय. काल तिला तेच शिकवायला बसले, अनोळखी माणसाच्या मागं जायचं नाही, बाळा. प्रणाली समोर अभ्यास करत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पुढे काय बोलले असते? तुम्ही काय सांगितलं असतं?