गळ अंगठ्यात, बोट पुढेच

अन्याय झाला तो पांढरकवड्याच्या एका मेकॅनिकवर. गेल्या संक्रांतीच्या दिवशी, सकाळी, कोकणच्या किनाऱ्यापासून बरंच आत, भर समुद्रात. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी माशाचा गळ रुतला आणि तरीही बोट मागे वळली नाही. मी बोटीवर होतो. ऐकीव सांगत नाही.

पांढरकवड्याचा माणूस समुद्रात काय करत होता, असं सगळेच विचारतात. जसा काही तोच त्याचा गुन्हा. तर सांगतो. या मेकॅनिकचं, आमच्या भाईचं, गॅरेज हायवेला लागून आहे. मी तांड्यावरून शिकायला आलो तेव्हा त्याच्या मागची खोली घेतली. मोर्च्याची पत्रकं मी त्याच्याच बाकड्यावर बसून लिहायचो आणि तो मला 'नेता' म्हणायचा, चिडवायला. एकदा हैदराबादच्या वाटेवर एका बोटमालकाची गाडी बंद पडली. भाईनं ती चालू करून दिली. बोलता बोलता कळलं की त्याच्या बोटीत ट्रकचंच इंजिन बसवलंय आणि ते सारखं नखरे करतं. सीझनभर येतोस का, असं मालकानं विचारलं. भाई गेला. संक्रांतीच्या सुट्टीत त्याला भेटायला मीही गेलो आणि बोटीवर जागा होती म्हणून चढलो.

ही बोट जाळ्याची नाही. हौशी गिऱ्हाइकांना मोठ्या माशांच्या शिकारीला नेणारी. मागच्या कठड्याला रॉड खोचायचे, दोरीच्या टोकाला रंगीत नकली मासा, त्याला तीन तोंडांचे दोन गळ. बोट हळू चालवत हे नकली मासे लांब मागे ओढत न्यायचे. याला ट्रोलिंग म्हणतात. बोटीचा वेग जरा कमी झाला की नकली मासा मेल्यासारखा बुडतो, जास्त झाला की पाण्यावर उड्या मारतो. म्हणजे खरी शिकार इंजिनवर, आणि इंजिन भाईच्या हातात. भरल्या ट्रकला घाट चढवावा तसा तो त्याचा आवाज ऐकत बसायचा. मला मात्र तिथं एक मिनिट बसवत नव्हतं. जमीन दिसत नाही, फोनला रेंज नाही, पायाखाली सगळं हलतंय.

गिऱ्हाईक दोघं होते. नुकतेच निवृत्त झालेले एक काका आणि त्यांचा मुलगा. माणसं चांगली होती, हे मुद्दाम लिहितो. आम्हाला त्यांनी तिळाचे लाडू दिले. एक मोठा मासा स्वतःच्या हातानं ओढायचा, एवढीच काकांची हौस.

रॉडवरची दोरीची रील किंचाळली. काकांच्या रॉडला सुरमई लागली होती. खलाशी बाकीच्या दोऱ्या गुंडाळण्यात अडकला, बोट चालवणारा तांडेल चाकावर, म्हणून माशाला वर घ्यायला भाईला हाक गेली. त्यानं दोरीच्या टोकाची, नकली माशाजवळची तार धरली आणि माशानं डोकं झटकलं. एक गळ माशाच्या तोंडात, दुसरा भाईच्या अंगठ्याखाली, मधे नकली मासा, आणि खरा अजून तडफडतोय. खलाशानं भाईच्या हातातला गळ नकली माशापासून तोडला. मासा बोटीत आला. गळ हातातच राहिला.

भाई ओरडला नाही. कमरेचा फडका हातावर गुंडाळून बाजूला झाला. काकांना काही कळलंच नाही, ते माशाकडे बघत होते. फोटो काढायला मुलानं मोबाईल पुढे केला तो भाईकडेच. भाईनं डाव्या हातानं फोटो काढला.

तेवढ्यात पुढे पाण्यावर पक्षी तुटून पडताना दिसले. खाली कुपा माशांची झुंड आहे, असं तांडेल म्हणाला आणि दोऱ्या परत पाण्यात गेल्या. मी तांडेलला म्हणालो, बोट फिरवा. तो म्हणाला, दिवस गिऱ्हाइकांचा आहे, त्यांना विचार. मी मुलाकडे गेलो. त्यानं फडक्याकडे बघितलं, त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, फिरवा की, आमची काही हरकत नाही, पण समुद्रातलं आम्हाला काय कळतं, तांडेल ठरवतील. मी परत तांडेलकडे. तो म्हणाला, ज्याला लागलंय तो तर काही बोलत नाही. मग सगळ्यांनी भाईकडे बघितलं.

"मले काई नाई झालं," भाई म्हणाला. "चालू राहू द्या."

झालं. सगळ्यांना मोकळं करून टाकलं त्यानं.

मी त्याच्या मागं इंजिनच्या खोपच्यात उतरलो. तिथं तो हातावर डिझेल ओतत होता. आमच्याकडच्या गॅरेजात हेच चालतं, कापलं की डिझेल. पक्कडीनं त्यानं गळ ओढून बघितला, पण गळाला उलटा काटा असतो. आत गेलेला गळ मागे येत नाही, मांस घेऊन येतो. मी भडकलो. या अंगठ्यावर तुझं पोट आहे, पाना काय कोपरानं फिरवशील, असं बोललो.

"कायले बोंबलून राह्यला, नेता?" तो हळू आवाजात म्हणाला. "माह्यापायी बोट वापस गेली तं किनाऱ्यावर हेच म्हणतीन, कोरड्यातला माणूस पाण्यात टिकत नाई. आधीच मले 'वऱ्हाडी हिरो' म्हणून हसतात. मधात बोलू नको."

मी वर येऊन पुन्हा बोललो. भांडलो. तांडेलनं समोर बघितलं, मुलानं खाली. माझ्याकडे ना चाक होतं, ना त्या दिवसाची पावती. काका दमले तेव्हा बोट वळली. दुपार कलली होती.

किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी गळ काढला, पण हात सुजला, पू झाला. भाई पांढरकवड्याला परत आला. आज त्याचा अंगठा वाकत नाही, बोटांना टेकत नाही. नट हातात धरला तर निसटतो. लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. उशिरानं किती बिघडवलं आणि डिझेलनं किती, हे त्यांनाही वेगळं करून सांगता आलं नाही. मालकानं दुसरा मेकॅनिक बघितला. भाई हसण्यावारी नेतो. म्हणतो, "आता सही बी जमत नाई अन् अंगठा बी चालत नाई." मला हसू येत नाही. त्याच्या बाकड्यावर बसून लिहायला घेतो आणि मधेच उठतो. हायवेपर्यंत जातो, परत येतो.

कारण त्या बोटीवर एकही वाईट माणूस नव्हता. प्रत्येकानं निर्णय पुढच्याच्या हातात दिला आणि शेवटी तो ज्याच्या हातात गळ होता त्याच्याकडे आला. ज्याला नोकरी टिकवायची आहे, इज्जत टिकवायची आहे, तो 'दुखतंय, वापस चला' म्हणणार आहे का? त्याला विचारणं म्हणजेच आपली सुटका करून घेणं.

आपल्याकडचे लोक आता सुट्टीत समुद्रावर जातात. नेरचे, उमरखेडचे, यवतमाळचे. तुम्हीही जाल. तर माझं मागणं तुमच्याकडे आहे, सरकारकडे नंतर. दोरी पाण्यात सोडण्याआधी तांडेलला विचारा, कुणाला लागलं तर बोट कोण फिरवणार. उत्तर मिळाल्याशिवाय बोट सुटू देऊ नका. आणि बोटीवर कुणाच्या हाताला फडका दिसला, तर 'ठीक आहे ना' असं विचारू नका. पैसे भरलेल्या माणसाचा आवाज चालतो, तो वापरा. म्हणा, बोट फिरवा.