पाण्याच्या पुनर्वापराचा सहकुटुंब अभ्यास दौरा

आमच्या गावच्या दूध सोसायटीत मी फॅट बघते. म्हणजे दुधाची! दुष्काळाच्या त्या साली दूध निम्म्यावर आलं आणि सकाळी सातलाच माझं मशीन बंद व्हायला लागलं. मग उरलेला वेळ करायचं काय? गप्पा! दूध साठवायला निदान कूलर तरी लागतो, किस्से नुसते कोपऱ्यात ठेवले तरी वाढत जातात. त्यातले निम्मे त्या एका नाताळच्या ट्रिपचे. आता मी सांगितले नाहीत तर दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून मीच सांगते.

*

आमचं संचालक मंडळ दरवर्षी अभ्यास दौऱ्याला जातं. त्या वर्षी मीटिंग चालू असताना चेअरमन आबांच्या बायको, सिंधूकाकू, सरळ ऑफिसात आल्या.

"दरसाली तुमीच अभ्यास करता अन् नापास होऊन येता. औंदा आमी पण येणार!"

आबांची नातवंडं पुण्याला असतात, त्यांना नाताळची सुट्टी. पोरांनी पुण्याच्या पलीकडचा एक थीम पार्क सांगितला. झुले, घसरगुंड्या आणि नुसतं पाणीच पाणी! इकडे गावात चौथ्या दिवशी भोंगा वाजवत येणारा टँकर.

आबा मला म्हणाले, "शोभाताई, दौऱ्याला जरा बरं नाव काढा."

"आबा, वॉटर पार्कला काय नाव काढू?"

"तिथं तेच पाणी फिरवून फिरवून वापरत्यात का न्हाई?"

"वापरतात."

"मग लिहा की! पाण्याचा पुनर्वापर!"

लिहिलं. इतक्यात विरोधी गटाचे नाना उठले. आबांचं आणि त्यांचं बारा वर्षांचं वाकडं. प्रत्येक ठरावाला नानांचा विरोध ठरलेला. आम्ही सगळे आता भांडण ऐकायच्या तयारीत.

नाना म्हणाले, "माझे सात जण धरा."

*

पार्कच्या गेटवर पोचलो तर ही गर्दी! दिवाळीत बीडच्या स्टँडवर असते तेवढी, फक्त गॉगल लावलेली.

आबांना रांगेची सवय नाही. ते तडक पुढे गेले. गार्डने हात आडवा केला, "सर, लाइन."

"मी चेअरमन हाय."

"कशाचे?"

हा प्रश्न आबांना इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता! त्यांनी गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, जिल्हा सांगितला. गार्ड बघतच राहिला. "आबा? मी सुनील! आपल्या गावातल्या शिंप्याचा थोरला."

आबांचा चेहरा उजळला. मागे वळून आम्हाला म्हणाले, "बघा! आपला माणूस जाईल तिथं निघतो!"

सुनीलने वाकून नमस्कार केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आबा, मी रोज सकाळी किटली घेऊन सोसायटीत लाइनीत उभा राहायचो. तुमची किटली मागून यायची अन् आधी लागायची. आज जरा उभं राहून बघा."

आबा दोन तास उभे राहिले. काकूंनी मात्र आत जाताना सुनीलच्या हातावर शेंगदाण्याचे दोन लाडू ठेवले.

*

आत गेल्यावर कळलं की गेटवरची रांग ही नुसती झलक होती. आत प्रत्येक झुल्याला वेगळी रांग!

काकू म्हणाल्या, "ह्याला काय एवढं? टँकरला उभं राहतो का आपण?"

त्यांनी सगळ्या बायकांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, रांगेत एकापुढे एक अशा मांडल्या आणि आम्ही सावलीत जाऊन बसलो. दर पाच मिनिटांनी एकीने उठायचं आणि बाटल्या पुढे सरकवायच्या.

एका पुणेकर बाईंनी बाटली पायाने बाजूला केली. काकू सावलीतूनच ओरडल्या, "ओ ताई! तो माझा नंबर हाय!"

"पण तुम्ही तर तिकडे बसलाय!"

"मग उन्हात करपून मरू?"

बाई विचारात पडल्या. मग हळूच त्यांनी आपली बाटली काकूंच्या बाटलीमागे ठेवली आणि आमच्या शेजारी येऊन बसल्या. अर्ध्या तासात त्या रांगेत माणूस एकही नव्हता, बाटल्या मात्र साठ-सत्तर! पार्कचा मॅनेजर धावत आला.

काकूंनी त्यालाही लाडू दिला.

*

हा किस्सा छोटासाच आहे, पण सांगते. तिथल्या तळ्यात मशीनने लाटा सोडतात. लाटा सोडायच्या आधी मोठा भोंगा वाजतो. आम्ही काठावर डबे उघडून जेवत होतो. भोंगा वाजला आणि आमच्या गावच्या अकरा बायका हातातला घास टाकून, दिसेल ते भांडं उचलून पळत सुटल्या!

त्यात मीही होते. माझ्या हातात लोणच्याची बरणी होती.

*

आमची बस सलीमभाईंची. बीडला त्यांचं गॅरेज आहे, गाडी स्वतःच चालवतात. पांढरी शुभ्र दाढी, सुटलेलं पोट, आणि थंडी म्हणून सुनेने विणून दिलेला लाल स्वेटर.

दिवस नाताळचा! बिचारे झाडाखाली बाकावर टेकले तोच एक पोरगी येऊन मांडीवर बसली. मग दुसरा आला. मग आईबाप मोबाइल काढून लाइनीत! सलीमभाई सगळ्यांना सांगतायत, "अरे बेटा, मी ड्रायव्हर हाय!" पण ऐकतंय कोण!

एका पोराने गिफ्ट मागितलं. सलीमभाईंनी खिसे चाचपले. एका खिशात पाना, दुसऱ्यात आमच्या रानातली बोरं. त्यांनी मूठभर बोरं दिली. मग सगळ्यांनाच द्यावी लागली. पिशवीभर संपली!

एका मॅडमनी बोर नाकाजवळ नेऊन विचारलं, "ऑर्गॅनिक आहेत का?"

सलीमभाई म्हणाले, "न्हाई बाई, बालाघाटाच्या डोंगरातली हायेत."

*

संध्याकाळी मोठ्या झुल्यावर घोटाळा झाला. त्या झुल्याच्या गाडीत दोघादोघांच्या सीटा. ढकलाढकलीत नेमके आबा आणि नाना एका सीटवर! वरून दांडा आवळला, आता उतरता येईना. दोघं दोन दिशांना तोंडं करून बसले.

गाडी वर चढेपर्यंत ठीक होतं. मग ती खाली सुटली.

त्या उतारावर पार्कवाल्यांचा कॅमेरा असतो. आम्ही खाली येऊन बघतो तर टीव्हीवर फोटो! नानांनी आबांच्या गळ्यात दोन्ही हात टाकलेले, आबांनी नानांचं डोकं छातीशी धरलेलं, दोघांचे डोळे मिटलेले. आई आणि लेकरू!

"हे बंद करा! आधी बंद करा!" आबा काउंटरवाल्यावर ओरडले. नाना भिंतीकडे बघत उभे.

सोसायटीची निवडणूक दोन महिन्यांवर होती. कुणीतरी टीव्हीचाच मोबाइलवर फोटो काढला. कुणी ते विचारू नका. आम्ही बसपाशी पोचेपर्यंत तो गावच्या ग्रुपवर होता, वर लिहिलेलं, "अखेर मनोमिलन!"

आबांच्या गटाचे सहा फोन आले. नानांच्या गटाचे आठ. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मग आमचं काय?"

परतीच्या वाटेवर आबा आणि नाना शेजारी बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा. फोनवर काय खुलासा करायचा ते दोघांना मिळून ठरवायचं होतं ना!

*

आता एक राहिला, त्याच दुपारचा. आमच्यासोबत मार्तंडतात्या होते. जुने कोतवाल, आता रिटायर. पण शाळेच्या आवारातलं पाऊस मोजायचं भांडं अजून तेच बघतात. पावसाळ्यात रोज सकाळी आठला भांडं बघायचं आणि तहसीलला फोन करायचा. सलग दोन पावसाळे तात्या बहुतेक रोज एकच शब्द कळवत होते. निरंक. म्हणजे शून्य.

पार्कात एक रेन डान्स होता. वरच्या पाइपांतून पाऊस, खाली दणदणीत गाणी, पोरंपोरी बेभान. तात्या बराच वेळ कडेला उभे राहून वर बघत होते. मग त्यांनी थर्मासचं झाकण काढलं, गर्दीतून आत गेले आणि ते बरोबर मधोमध जमिनीवर ठेवलं. कुणाचा पाय लागू नये म्हणून स्वतः बाजूला हात पसरून उभे राहिले. धोतर चिंब! मनगटावरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजली. झाकण उचललं, आत बोट बुडवलं, पेराला अंगठा लावला आणि कडेला येऊन फोन लावला.

सुट्टी होती, तरी तहसीलच्या भाऊसाहेबांनी उचलला. गाण्यांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तात्यांनी स्पीकर लावला.

"भाऊसाहेब, मार्तंड बोलतो. दोन पेरं भरलं."

"काय सांगता तात्या! आत्ता? आवाज येतोय की हो! लई जोरात हाय का?"

"लई जोरात हाय."

"अहो, मग कुठं पडतोय? गावात का शिवारात? थांबा, मी कागद घेतो!"

तात्यांनी एकदा त्या पाइपांकडे बघितलं.

"न्हाई भाऊसाहेब, हितं तिकिटावर पडतोय. आपल्याकडं निरंकच ठेवा."