खारी भरणारी

खासबागेतल्या बेकरीत तिशीतली एक बाई खारी भरायची. तिची समज लहानपणापासूनच सावकाश. अनगोळला अशा मुलांना काम शिकवणाऱ्या एका कार्यशाळेत दोन वर्षं शिकून ती इथं कामाला लागली होती. प्रत्येक खारी ती उलटसुलट बघायची, मगच पिशवीत ठेवायची.

एकदा मला बस गाठायची होती. "आक्का, आण, मी भरतो," म्हणत मी हात पुढं केला.

तिनं तो हळूच बाजूला सारला. "न्हाय. ह्ये माझं काम हाय."

मालक म्हणाला, "लई सावकाश म्हणून पयल्या महिन्यात तिला काढणार होतो. पण तिच्या पिशवीत तुकडा गावत न्हाय. आता गिऱ्हाईक तिच्याच हातची मागतंय."

माझी बस चुकली. कचेरीत तीस वर्षं काढली, पण 'माझं काम' असं इतक्या मानानं मी कधी म्हणालो नव्हतो.