सुभेदारीणकाकींचा फंड

सुभेदारीणकाकींनी कधी कुणाला पाठ करून आणलेलं गाणं गाऊ दिलं नाही. साताऱ्याच्या एसटी स्टँडमागे सायकलच्या दुकानावर एक खोली होती, तिथं फंडासाठी मुलांची निवड व्हायची. मुलं घरून भूप नाहीतर यमन घोटून यायची. मुलगा खाकरून तोंड उघडतोय तोच काकी कोपऱ्याकडे बोट दाखवायच्या, "त्यो तंबोरा उतरलाय बग. लाव जरा." तारा त्यांनीच मुद्दाम उतरवून ठेवलेल्या असत. कुणी घाईघाईनं लावून मोकळा होई, कुणी रडकुंडीला येई. काकी सुपारी कातरत ऐकायच्या. "गाणं पाठ करता येतं, बाबा, तंबोरा पाठ करून लागत न्हाई," म्हणायच्या आणि पुढच्याला आत बोलवायच्या.

त्यांचे यजमान पलटणीतून सुभेदार होऊन परतले आणि थोड्याच वर्षांत गेले. पोरबाळ नव्हतं. उसाच्या जमिनीचं उत्पन्न काकींनी गाणाऱ्या मुलांच्या फंडाला लावलं, तेव्हा भाऊबंदांनी त्यांना वेड्यात काढलं. गंमत म्हणजे काकींना गुणगुणतानासुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्या बापाच्या भजनात पोरींनी गायचं न्हाई. वीणा लावून द्यायची आन् आत जायचं. म्या लावून दिली, आत गेले." आणि पुन्हा सुपारी कातरायला लागल्या.

निवडलेल्या मुलांना त्या सांगलीला गाण्याच्या गुरुजींकडे ठेवत; मीही त्यातलाच. शिकवणी, राहायची खोली आणि रोजच्या दुधाचा रतीब, एवढं फंडाचं. मला त्या 'आटपाडी' म्हणायच्या, माझ्या खोलीतल्या मुलाला 'मेढा'. "गाव सोडून आलायसा, कानावर त्याचं नाव तरी पडू दे." न सांगता सांगलीत यायच्या आणि आमच्याआधी गवळ्याला गाठायच्या. मेढ्यानं गवळ्याकडं विरजण मागितलं होतं, ते असंच उघडकीस आलं. "गळ्यासाठी दूध देते, आन् तू दही खातोस व्हय रं? मग कढीच कर की, फोडणी कशापायी बाकी ठेवलीस?" मेढा आठवडाभर तोंड लपवत हिंडत होता.

आमच्याकडचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझा आवाज फुटला. अब्बा आटपाडीत शिंप्याचं काम करायचे, पण गावात नवं कापड शिवायची कुणाची ऐपत उरली नव्हती. फंड बंद झाला की गाणं संपलं, हे मला उघड दिसत होतं. गुरुजींनी गाणं थांबवायला सांगितलं आणि मी ट्रंक भरून ठेवली. काकी आल्या, ट्रंकेकडे बघून म्हणाल्या, "आवाज गेलाय, कान गेल्यात का? वरीसभर गप बस. दूध चालू ऱ्हाईल." ते वर्षभर मी बाकीच्यांचे तंबोरे लावून दिले.

वर्षानं साताऱ्याला बोलावणं आलं. त्या दिवशी तंबोरा आधीच लावलेला होता. काकी म्हणाल्या, "गा." मी गायलो. आवाज परतला होता, पण जाड होऊन. सूर लागायचा, आणि टिकेपर्यंत निसटायचा. फंडाच्या विश्वस्तांतले वकीलसाहेब कनवाळू माणूस. म्हणाले, "गरिबाचं पोर आहे, आणखी दोन वर्षं देऊ या." सगळ्या विश्वस्तांनी हात वर केले. काकींचे हात मात्र मांडीवरच राहिले. त्यांच्या होकाराशिवाय फंडात काही होत नसे.

त्या स्वतः मला स्टँडवर घेऊन आल्या. भजी मागवली.

"आवाज जाड झाला म्हणून न्हाई रं. जाड चालतो. सूर सुटत हुता. तुला कळत हुतं का न्हाई?"

"कळत हुतं, काकी."

"कळूनबी तू फुडं पळत हुतास. समद्यांनी वा वा केलं तर उद्या कळायचंबी बंद हुईल. त्ये मला बघवायचं न्हाई."

मला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. मी भजी खाल्ली, गाडीत बसलो आणि कराडपर्यंत शेजारच्या बाईच्या पिशवीतल्या मुळ्यांकडे बघत राहिलो.

मग अब्बांच्या मशीनवर बसलो. हात बसला, गिऱ्हाईकं मिळाली, लग्न झालं. मेढा पुढे रेडिओवर गायला. त्याचं गाणं लागलं की शेजारी मला हाक मारून ऐकायला बोलवायचे. मी जायचो, ऐकायचो, परत येऊन काज करायला बसायचो. छान गायचा. मला काही व्हायचं नाही.

काकी गेल्याचं सांगायला मेढा स्वतः आटपाडीला आला. मी जेवायला बसलो होतो. "बरं," म्हणालो आणि त्यालाही ताट वाढायला सांगितलं. बायकोनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "तुमच्या कोण होत्या त्या?"

"माझं गाणं बंद करणारी बाई," मी म्हणालो. कुणाच्या सदऱ्याचं माप सांगावं, तशा आवाजात.

मी ताटावरून उठलो आणि मागल्या दारी गेलो. साताऱ्याच्या स्टँडवर रडायचं राहून गेलं होतं, ते तिथं रडलो.